अंगणवाडीचे दोन तास

भारतात सरकारी खर्चाने चालणाऱ्या बालशिक्षणाचे घरोघरी ठाऊक असलेले नाव म्हणजे अंगणवाडी. 2 ऑक्टोबर 1975 रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना देशभरातल्या 33 प्रकल्पांत प्रयोग म्हणून सुरू झाली. पुढे तिचा पसारा इतका वाढला की मंजूर अंगणवाड्यांची संख्या 14 लाखांच्या घरात गेली. त्यांतल्या सुमारे एक लाख दहा हजार महाराष्ट्रात आहेत. साधारण 400 ते 800 लोकवस्तीमागे एक अंगणवाडी असा हिशेब असतो. लहान पाड्या-वस्त्यांसाठी मिनी अंगणवाडी. योजनेतल्या सेवा सहा: पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, आजारी मुलाला दवाखान्याकडे पाठवण्याची संदर्भ सेवा, आयांना आहार-आरोग्याची माहिती आणि तीन ते सहा वर्षांच्या मुलांचे अनौपचारिक पूर्वप्राथमिक शिक्षण.

कागदावर या सहाही सेवा एका पंगतीला बसतात. वाढप मात्र सारखे होत नाही. आहाराला माप आहे: सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलाला दिवसाला किती कॅलरी आणि किती ग्रॅम प्रथिने हे ठरलेले, वर्षातले 300 दिवस. वजनाला काटा आहे, दंडघेराला पट्टी आहे, लशींना तारखा आहेत. शिकवण्याला असे माप नाही. मूल किती बोलले, गोष्ट संपल्यावर त्याने काय विचारले, भांडण झाल्यावर कोण कोणाची समजूत काढायला गेले, हे कोणत्याही रजिस्टरात मावत नाही. रजिस्टरात नसलेली गोष्ट पर्यवेक्षिका विचारत नाही, आणि कोणी विचारत नाही ते काम उद्यावर जाते. पुष्कळ गावांत अंगणवाडीची ओळख खाऊ मिळण्याची जागा एवढीच उरते ती यामुळे. बालशिक्षणाच्या फायद्यांबद्दल जगभर जे पुरावे जमले आहेत, ते नेमके या मागे पडणाऱ्या कामाकडे बोट दाखवतात.

अंगणवाडी हा शब्द सरकारी फायलीत जन्मलेला नाही. तो योजनेच्या कितीतरी आधीचा, तेव्हाच्या ठाणे जिल्ह्याच्या किनाऱ्यावरचा. ताराबाई मोडक (1892–1973) यांनी भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर माँटेसरी पद्धतीवर काम केले होते. 1926 मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला, त्याची 'शिक्षणपत्रिका' निघू लागली. अडचण अशी होती की माँटेसरीची साधने महागडी, आणि बालमंदिरांत येणारी मुले शहरातल्या खाऊनपिऊन सुखी घरांतली. 1945 साली ताराबाई डहाणू तालुक्यातल्या बोर्डीला गेल्या आणि तिथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. लहानपणीच वैधव्य आलेल्या आणि शिक्षिका झालेल्या अनुताई वाघ (1910–1992) त्याच वर्षी त्यांना येऊन मिळाल्या. 1957 मध्ये हे काम जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर, वारली वस्तीत गेले.

बोर्डीत पहिला धडा मिळाला तो शिकवणाऱ्यांनाच. बालवाडी उघडली तरी गरीब वस्तीतली मुले तिथवर येईनात. आई-बाप पहाटे कामाला गेलेले, घर मोठ्या बहिणीवर, बहिणीच्या कडेवर धाकटे. तेव्हा शिक्षिकाच वस्तीत जाऊ लागल्या. एखाद्या घरासमोरचे अंगण झाडून घ्यायचे, मुले गोळा करायची, हातपाय धुवायचे, मग गाणी, गोष्टी, खेळ. अंगणात भरते म्हणून अंगणवाडी. साधने तिथल्या तिथे मिळणारी: शिंपले, चिंचोके, बिया, पाने, माती. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी रानातच 'कुरणशाळा' भरू लागली. कोसबाडच्या 'विकासवाडी'त पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणल्या, म्हणजे धाकट्याला पाळणाघरात ठेवून थोरलीला वर्गात बसता येईल. एकाच सोयीने दोन मुले शिकतात, हा हिशेब इथे अर्थशास्त्रज्ञांची वाट न पाहता मांडला गेला होता.

पुढे शब्द दिल्लीपर्यंत पोचला, पण त्यातली अंगणात जाण्याची क्रिया वाटेत कुठेतरी सुटली. आजच्या अंगणवाडी सेविकाही घरभेटी देतात, मात्र बहुतेक भेटी वजन, लस, गरोदर बाईची नोंद यांसाठी असतात.

अंगणवाडीत शिकवायचे म्हणजे नेमके काय, याबद्दल पालकांत मोठा गैरसमज आहे. बाराखडी आणि पाढे म्हणजे शिक्षण, आणि बाकी सगळा वेळकाढूपणा, असे अनेकांना वाटते. चार वर्षांच्या मुलीसमोर एका वाटीत सहा चिंचोके आणि दुसऱ्या वाटीत चार मोठे खडे ठेवले आणि 'जास्त कशात?' असे विचारले, तर ती बहुधा खड्यांच्या वाटीकडे बोट करते. खडे मोठे, वाटी भरलेली, म्हणजे जास्त. 'चूक' म्हणून हे प्रकरण मिटवता येते. जाणती सेविका तसे करत नाही. ती मुलीला एकेक चिंचोका ओळीने मांडायला लावते, प्रत्येकासमोर एकेक खडा ठेवायला सांगते. खडे संपतात, दोन चिंचोके एकटे उरतात. मुलगी थांबते, पुन्हा बघते. मोजणे म्हणजे आकार नव्हे, एकास एक जोडी लावणे, हे तिला त्या क्षणी कळते किंवा अर्धवट कळते. मग उद्या तोच खेळ बांगड्यांनी. पहिलीतली बेरीज या मांडणीवर उभी राहते. ही पायरी न चढलेले मूल 'सहा अधिक चार' पाठ म्हणते, पण तीस मुलांच्या वर्गात ते कुठे अडले आहे हे कोणाला दिसत नाही.

भाषेचे असेच. आधी-नंतर, वर-खाली, 'म्हणून', 'नाहीतर' हे शब्द पुस्तकातून येत नाहीत; कोणीतरी मोठे माणूस मुलाशी बोलत राहिले तर येतात. दिवसभर मजुरीवर असलेल्या घरात प्रेम कमी नसते, वेळ कमी असतो. मेळघाटातल्या कोरकू किंवा गडचिरोलीतल्या गोंडी बोलणाऱ्या मुलाला तर शाळेत पाऊल टाकले की नवीन भाषाच सुरू होते. सेविका त्याच गावातली असेल तर घरची बोली आणि शाळेची मराठी यांच्यामधला पूल तीच. योजनेने सेविका स्थानिक असावी असा आग्रह धरला, ही तिची सर्वांत शहाणपणाची तरतूद म्हणावी लागेल.

मेंदूचा मुद्दा या विषयावरच्या प्रत्येक भाषणात येतो. सहाव्या वर्षापर्यंत मेंदूचा आकार प्रौढाच्या सुमारे 90 टक्के होतो, आणि 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही सहा वर्षांआधी 85 टक्क्यांहून अधिक मेंदूविकास होतो असे म्हटले आहे. हे आकडे खरे असले तरी त्यांवरून फारसे काही ठरत नाही. मेंदू कुठल्याही मुलाचा वाढतोच. बालवाडीत गेल्याने पुढे काय फरक पडतो हे पाहायचे तर गेलेली आणि न गेलेली मुले वर्षानुवर्षे शेजारी ठेवून पाहावी लागतात, आणि कोण जाईल हे नशिबावर सोडावे लागते. नाहीतर आधीच जागरूक असलेल्या पालकांचे श्रेय बालवाडीला मिळते.

असा सर्वांत प्रसिद्ध प्रयोग अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या यप्सिलँटी गावचा. पेरी नावाच्या प्राथमिक शाळेच्या परिसरातली 123 गरीब कृष्णवर्णीय मुले 1962 ते 1967 या काळात निवडली. 58 मुलांना बालवाडी, 65 मुलांना नाही. सकाळचे सुमारे अडीच तास, प्रशिक्षित शिक्षिका, आणि आठवड्यातून एकदा शिक्षिकेची घरभेट. खेळ मुलाने ठरवायचा, करायचा आणि मग काय केले ते सांगायचे, ही तिथली शिस्त. ही मुले चाळिशीची होईपर्यंत संशोधकांनी त्यांचा माग ठेवला. बालवाडीत गेलेल्यांपैकी 60 टक्के लोकांची वर्षाची कमाई 20 हजार डॉलरच्या वर होती, न गेलेल्यांपैकी 40 टक्क्यांची. पाच किंवा अधिक वेळा अटक झालेले पहिल्या गटात 36 टक्के, दुसऱ्यात 55 टक्के. अर्थशास्त्राचे नोबेल मिळालेले जेम्स हेकमन आणि त्यांचे सहकारी यांनी हिशेब मांडला, तेव्हा या बालवाडीवर खर्च झालेल्या पैशावर समाजाला दरसाल 7 ते 10 टक्के परतावा मिळाल्याचे निघाले.

हा आकडा भारतातल्या अहवालांत हमखास भेटतो, म्हणून त्याची घडण पाहणे बरे. परताव्याचा मोठा भाग गुन्हे कमी झाल्यामुळे वाचलेल्या पैशाचा आहे. अमेरिकेतले तुरुंग महाग आहेत. शिवाय मुले 123 च, आणि बालवाडी अशी की तिचा खर्च आपल्या कुठल्याही जिल्हा परिषदेला झेपणार नाही. यप्सिलँटीचा टक्का उचलून नंदुरबारला लावता येत नाही. उचलण्याजोगी गोष्ट वेगळी आहे. बालवाडीतल्या मुलांचा बुद्ध्यंक सुरुवातीला झपाट्याने वाढला आणि प्राथमिक शाळेत असतानाच पुन्हा दुसऱ्या गटाच्या बरोबरीला आला. तरीही चाळिशीत फरक दिसला. म्हणजे टिकले ते बुद्ध्यंकात न मोजता येणारे काहीतरी: हाती घेतलेले पुरे करणे, राग आवरणे, दुसऱ्याशी जमवून घेणे.

हे एकट्या पेरीचे नाही. अमेरिकेच्या सरकारने 1965 च्या उन्हाळ्यात 'हेड स्टार्ट' सुरू केले आणि आठ आठवड्यांच्या पहिल्याच फेरीत पाच लाखांहून अधिक मुले घेतली. तिथेही गुणांमधली आघाडी शाळेच्या पहिल्या काही इयत्तांत विरते, असे पुन्हा पुन्हा दिसले आणि विरोधकांनी कार्यक्रम निकामी ठरवला. बॉस्टन शहरातल्या सरकारी बालवाड्यांत 1997 ते 2003 या काळात जागांपेक्षा अर्ज जास्त आल्याने चिठ्ठ्या टाकून प्रवेश दिले गेले होते. ती मुले मोठी झाल्यावर तपासले, तर शालेय परीक्षांच्या गुणांत फरक नाही. पण वेळेवर महाविद्यालयात जाणाऱ्यांचे प्रमाण सुमारे आठ टक्के बिंदूंनी जास्त, आणि शाळेतून निलंबित होणारे कमी. तिसरीच्या गुणपत्रिकेवरून बालवाडीचा निकाल लावणारा घाईच करतो.

उलटा पुरावाही आहे आणि तो झाकून ठेवू नये. टेनेसी राज्याच्या बालवाडीत गेलेली मुले सहावीत पोचली, तेव्हा न गेलेल्यांपेक्षा त्यांचे गुण कमी आणि शिस्तभंगाच्या तक्रारी जास्त निघाल्या. कॅनडाच्या क्वेबेक प्रांताने 1997 मध्ये दिवसाला पाच डॉलरांत पाळणाघर देऊ केले. आयांच्या हाताला काम मिळाले, नोकरी करणाऱ्या आयांचे प्रमाण आठेक टक्के बिंदूंनी चढले. मात्र मुलांमध्ये चिडचिड आणि चिंता वाढल्याचे अभ्यासकांना आढळले. जागा भराभर वाढल्या, त्या मानाने दर्जा जमला नाही. सरकारी पैसा ओतला की फायदा आपोआप होतो, हे समीकरण इथे मोडते. मुलांजवळ बसणारे माणूस कोण आणि ते काय करते, यावर सगळे आहे.

आहार विरुद्ध खेळ या आपल्याकडच्या प्रश्नाला सर्वांत जवळचे उत्तर जमैकातून येते. किंग्स्टन शहरात 1986–87 साली 9 ते 24 महिन्यांची, वयाच्या मानाने बुटकी राहिलेली 129 मुले निवडली होती. काहींना पूरक आहार, काहींच्या घरी आरोग्यसेविका आठवड्याला तासभर जाऊन आईला घरच्या वस्तूंतून खेळणी करून मुलाशी खेळायला शिकवणार, काहींना दोन्ही, काहींना काहीच नाही. हे दोन वर्षे चालले. वीस वर्षांनी पाहिले तेव्हा खेळाच्या गटातल्या मुलांची कमाई खेळ न मिळालेल्या मुलांपेक्षा सुमारे 25 टक्के जास्त होती. नुसत्या आहाराचा असा दूरवरचा फायदा दिसला नाही. म्हणून आहार नको असा अर्थ काढणे निर्दयपणाचे होईल. दंडघेर साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली गेलेल्या मुलाला आधी अन्न आणि औषधच लागते. पण खिचडी पोटात गेल्यावर मुलाला लगेच घरी पाठवणे म्हणजे अर्धे काम सोडून देणे.

सरकारनेच खर्च का करावा, बाजारात बालवाड्या आहेतच की, हा प्रश्न तालुक्याच्या गावांत आता रोजचा झाला आहे. ज्युनियर केजी, सिनियर केजीच्या पाट्या गल्लोगल्ली आहेत आणि ऐपत नसलेले पालकही तिथे फी भरतात. आसाम, राजस्थान आणि तेलंगणातल्या सुमारे 14 हजार मुलांचा वयाच्या चौथ्या वर्षापासून आठव्या वर्षापर्यंत मागोवा घेणारा एक मोठा अभ्यास 2017 मध्ये प्रसिद्ध झाला. त्याचा निष्कर्ष दोन्ही बाजूंना बोचणारा आहे. अंगणवाडीत फार थोडे शिकवले जाते. खासगी बालवाडीत पुष्कळ शिकवले जाते, पण ते पहिलीतले. तीन वर्षांच्या मुलाच्या बोटांत पेन्सिल पेलण्याची ताकद आलेली नसते, तरी त्याची वही पानेच्या पाने 'ए' गिरवून भरलेली असते, कारण फी भरणाऱ्या बापाला वही दिसते. दोन्हींकडून पहिलीत येणारी मुले शाळेसाठी पुरेशी तयार नसतात. पालकाला दर्जा ओळखता येत नाही तिथे बाजार दर्जा देत नाही. आणि बालशिक्षणाचा फायदा एका घरापुरता थांबत नाही. नापासांची संख्या, शिक्षकाचा वेळ, पुढची कमाई आणि कर या सगळ्यांत तो पसरतो, मग त्याची फी एकट्या घराने का भरावी?

क्वेबेकमध्ये आयांना कामाचा जो फायदा झाला, तो भारतात अजून हाती लागलेला नाही. अंगणवाडी काही तास चालते, मजुरी दिवसभराची. दुपारी मूल घरी आले की आई नाहीतर थोरली बहीण अडकतेच. बीडहून ऊसतोडीला सहा-सहा महिने बाहेर पडणाऱ्या घरांची मुले तर नाव एका गावच्या पटावर आणि स्वतः फडात, अशी दुभंगलेली असतात. कोसबाडचे पाळणाघर-बालवाडी-शाळा हे एकत्र आवार आठवावे असे प्रश्न हेच.

कायद्यात अन्न आणि शिक्षण यांचे वजन वेगवेगळे आहे. सर्वोच्च न्यायालयाने 13 डिसेंबर 2006 च्या आदेशात अंगणवाड्या 14 लाखांपर्यंत नेण्यास सांगितले आणि सहा वर्षांखालची 40 मुले असलेल्या पण अंगणवाडी नसलेल्या वस्तीने मागणी केली की तीन महिन्यांत ती द्यावी, असेही ठरवले. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्याने अंगणवाडीतला आहार मुलाचा हक्क झाला. शिक्षणाचा हक्क मात्र सहाव्या वर्षी सुरू होतो. 2002 च्या घटनादुरुस्तीने सहा वर्षांखालच्या मुलांचे संगोपन आणि शिक्षण मार्गदर्शक तत्त्वांत ठेवले, आणि 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याचे अकरावे कलम सरकारला अशी सोय 'करता येईल' इतकेच म्हणते. आहार मिळाला नाही तर दाद मागता येते. चिंचोक्यांचा खेळ झाला नाही तर नाही. 2023 पासून केंद्राने 'पोषण भी, पढाई भी' अशी घोषणा देऊन सेविकांचे प्रशिक्षण सुरू केले, 2024 मध्ये तीन ते सहा वर्षांसाठी 'आधारशिला' अभ्यासक्रम आणला. घोषणेतला 'भी' फार बोलका आहे.

हे सगळे शेवटी एका बाईवर येते. तिला कर्मचारी म्हणत नाहीत, मानसेवी म्हणतात. पगार म्हणत नाहीत, मानधन म्हणतात. केंद्राने ठरवलेले मानधन ऑक्टोबर 2018 पासून महिन्याला 4,500 रुपये, वरची भर राज्याची. ग्रॅच्युइटीचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 2022 मध्ये मान्य केला. सकाळी मुले जमवणे, मोबाइलवर 'पोषण ट्रॅकर' ॲप भरणे, वजने घेणे, लसीकरणाच्या दिवशी आया बोलावणे, अधूनमधून सर्वेक्षणे, आणि उरलेल्या वेळात बालशिक्षण. मदतनीस असते, पण ती स्वयंपाकात आणि मुले आणण्यापोचवण्यात गुंतलेली.

हा उरलेला वेळ वाढवला तर काय होते, हे तमिळनाडूत चार जिल्ह्यांतल्या 320 अंगणवाड्यांमध्ये तपासले गेले. चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या केंद्रांत अर्धवेळ काम करणारी आणखी एक बाई नेमली; तिच्याकडे फक्त शिकवणे. जुन्या सेविकेचा वेळ मोकळा झाला तो आहार आणि आरोग्याकडे गेला. शिकवण्याचा वेळ दुप्पट झाला. दीड वर्षाने त्या मुलांचे गणित आणि भाषा दोन्ही इतर केंद्रांतल्या मुलांपेक्षा चांगलेच पुढे गेले होते, आणि बुटकेपणा व तीव्र कुपोषण यांचे प्रमाणही कमी निघाले. म्हणजे शिकवण्यासाठी नेमलेल्या हातामुळे आहाराचेही काम सुधारले. या मुलांची पुढची कमाई अंदाजून संशोधकांनी फायदा खर्चाच्या 13 ते 21 पट धरला आहे. अंदाजच तो, मुले अजून मोठी व्हायची आहेत. खर्चाची बाजू मात्र अंदाजाची नाही: नवी इमारत नाही, नवे यंत्र नाही, प्रत्येक अंगणवाडीमागे एक अर्धवेळ मानधन.